राळेगावचं लेबल

ये राळेगाववाली, इकडं ये. अशी दाराशी नोको उभी राहू, जवळ बस. किती दिवस झाले, एक चक्कर मारता येत नाही काय तुले? दवाखान्यात जाताना मले सांगून गेली होती, "बाई, परत आली की तुमच्या हातची अंबाडीची भाजी खाईन." मी अंबाडी निवडून ठेवली. तू आली, पण अशी आली की तुले जेवायचं विचारताच आलं नाही. हे काही बरं केलं नाही तू. मोठ्या जावेच्या आधी धाकटीनं निघून जायचं, हा कोणता कायदा? अन् तू तं नियमाची बाई. नियम लिहिणारी.

मले काही समजून नाही राह्यलं, म्हणून तुलेच विचारायले बसली. दुसऱ्या कोणाले विचारू? तुझा नवरा, म्हणजे आपला सिद्धार्थ, एसटीत दिवसभर तिकिटं फाडते अन् घरी आला की भिंतीकडं पाहत बसते. त्याले विचारलं तं म्हणते, "वहिनी, मले त्यातलं काही नाही समजत. मले फक्त पासवर्ड माहीत हाय." आता चावी असणं वेगळं अन् कुलूप समजणं वेगळं, हे तूच मले शिकवलं. मी शाळेत गेली नाही. अक्षरं शिकली ती एसटीच्या पाट्यांवरून अन् दुकानांच्या बोर्डांवरून. तरी तू मले एकदाही "तुमाले नाही समजणार, बाई" असं म्हटलं नाही. म्हणून आज एवढं लिहून राह्यली. नाहीतं मी अन् कागद, आमची काही सोयरीक नव्हती.

झालं असं. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाहुणे यायच्या आधी, विहाराच्या स्पीकरवर तुझ्या आवाजात वंदना लागावी, असं मी ठरवलं होतं. रोज लागते त्याच वेळेले. गल्लीनं एकदा तुले ऐकावं, मंग जेवणं, मंग भाषणं. अन् काय झालं? तूच बसवलेल्या पेटीनं, तूच लिहिलेल्या नियमानं, तुझाच आवाज आत घेतला नाही. स्पीकर मुका. लोक सतरंजीवर बसलेले, मी पायरीवर उभी, अन् वरून नुसती खरखर. तुले हसू येत असंन. मले नाही आलं. मले राग आला, अन् तोबी तुझाच आला. तिकडं तुझ्या फोटोले हार घातलेला, अन् इकडं मी मनात तुझ्याशी भांडून राह्यली.

तिथून सुरू करू, की आधीपासून? आधीपासूनच सांगते. तुले माहीत आहे सगळं, पण मले नीट लावून पाहायचं आहे.

मी केळापूरहून या बाभुळगावात आली, तं घरात, गल्लीत, वावरात मी केळापूरवाली. तू राळेगावहून आली, तं राळेगाववाली. आपल्याकडं ज्या गावची लेक, त्या गावचं नाव तिच्या कपाळावर, मंग ती सासरी म्हातारी झाली तरी. आपल्या सासूबाईचं खरं नाव मले त्यायच्या मयतीच्या दाखल्यावर कळलं. तू आल्या आल्या मले म्हणाली होती,

"बाई, माझं नाव प्रज्ञा हाय. नावानं हाक मारत जा ना."

"नाव चांगलं हाय. पण या गल्लीत प्रज्ञा म्हटलं तं तिघी बाहेर निघतीन. राळेगाववाली एकच निघन."

"मंग मी इथची कधी होईन?"

"बाभुळगाववाली व्हायचं असंन तं दुसऱ्या गावात लग्न कर."

तू एवढी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं, अन् सासूबाईचं बोलणं मीच खाल्लं. पण नावाची गोष्ट तू सोडली नाही. अधूनमधून काढायची. मीबी नाव नाही घेतलं. हट्ट नव्हता तो. जीभच तशी वळलेली.

मंग तुझं ते घरी बसून कंपनीच्या मशिनी सांभाळणं सुरू झालं. मशिनी कुठी, तं दूर देशात. तू खिडकीपाशी. मी एकदा विचारलं, "काय लिहून राह्यली व एवढं?" तू म्हणाली, "पॉलिसी लिहून राह्यली, बाई." मले वाटलं विम्याची. मी गल्लीत सांगून आली की आमची राळेगाववाली आता विम्याचं काम करते. त्यावर वामनराव, जे खरोखर विम्याचं काम करतात अन् विहाराच्या समितीवरबी आहेत, ते दोन महिने तुझ्याशी बोलले नाहीत. त्यायले वाटलं तू त्यायचं गिऱ्हाईक पळवून राह्यली.

हे हसण्यावारी गेलं. पण तू गेल्यावर तेच वामनराव आले, सिद्धार्थजवळ बसले, अन् हळूच मले विचारलं, "वहिनी, प्रज्ञाताईची पॉलिसी होती काय?"

मी म्हटलं, "होती. स्वतः लिहिली तिनं."

"नॉमिनी कोण?"

"कोणी नाही. त्यात सगळ्यायले मनाई हाय."

ते माझ्याकडं पाहतच राह्यले. मले तवा समजलंच नाही मी काय बोलली. रडून रडून डोकं जड झालं होतं. संध्याकाळी उमगलं की ते विम्याचं विचारत होते, अन् मी विहारातल्या पेटीचं सांगत होती. तू असती तं ही गोष्ट तू मीठमिरची लावून सगळ्यायले सांगितली असती. आता मी कोणाले सांगू?

विहारातली पेटी. तेच सांगते आता.

ती लहानशी मशीन तू बुद्धाच्या मूर्तीच्या बाजूच्या कपाटात बसवली. तिच्यातला एक प्रोग्रॅम सकाळ-संध्याकाळ आपोआप वंदना लावायचा. कोणी बटन दाबायची गरज नाही. पहिले काही महिने बरं चाललं. मंग एक दिवस सकाळी, लोक हात जोडून उभे, अन् स्पीकरमधून एक बाई गोरं करणाऱ्या मलमाची जाहिरात करायले लागली. हिंदीत. गाणं लावून. बाकीचे एकमेकांकडं पाहून राह्यले, पण वामनराव डोळे मिटून हात जोडूनच उभे. त्यायले वाटलं नवीन गाथा आहे. मलम संपलं तवा त्यायनं खाली वाकून नमस्कारबी केला.

लोक हसले. तू नाही हसली. तू कपाट उघडून तिथीच फरशीवर बसली अन् दुपारपर्यंत उठली नाही. मी डबा घेऊन आली तवा मले सांगितलं,

"बाई, हा वंदना लावणारा प्रोग्रॅम हाय ना, तो दिसत नाही, पण मागं चालूच असते. त्याले सर्व्हिस म्हणते."

"म्हणजे माझ्यासारखा. दिसत नाही, पण चालूच असते."

"हाव. पण तुमच्यापाशी जशा घरच्या सगळ्या चाव्या हायेत, तशा त्याच्यापाशीबी होत्या. वंदना लावायले सगळ्या चाव्या कायले पाहिजेत? याच पेटीत विहाराचे फोटो हायेत, गल्लीतल्या लोकायचे फोन नंबर हायेत. बाहेरून कोणीतरी त्याच्यात शिरलं अन् मलम वाजवून गेलं. उद्या नंबर घेऊन गेलं असतं."

"मंग काढून टाक त्याले. नवा आण."

"तो वाईट नाही, बाई. चांगल्याच्या अंगातबी कोणी शिरू शकते. शिरलं तरी त्याच्या हातून किती नुकसान होईन, एवढंच आपण आधी बांधून ठेवायचं."

मंग तू पॉलिसी लिहिली. म्हणजे नियम. वंदनेच्या खणातल्या, म्हणजे फोल्डरमधल्या, फायली वाचायच्या, घड्याळ पाहायचं, स्पीकरवर बोलायचं. बस. जे लिहिलं नाही ते मना. मी विचारलं, मालकानं सांगितलं तं? तू म्हणाली, मालकानं सांगितलं तरी मना. मी म्हटलं, मालक कोण? तू म्हणाली, मीच. मी म्हटलं, म्हणजे तुझंबी ऐकत नाही? तं म्हणते कशी, "त्या प्रोग्रॅमनं माझं नाव सांगितलं, माझा सदरा घालून आला, तरी दार उघडत नाही. म्हणून तं लिहिली."

मले ते काही पटलं नाही. आपल्या घरात आपल्यालेच मना, ही कसली हुशारी?

पण तू लगेच अडवायचं चालू केलं नाही, हे मात्र मले आवडलं होतं. पहिले काही दिवस त्या पेटीले नुसतं बोलू दिलं. प्रोग्रॅमनं नियमाबाहेर पाऊल टाकलं की ती नोंद करायची, हा इकडं गेला, यानं तिकडं हात घातला. अडवायची नाही. मी म्हटलं, "म्हणजे म्हातारी सासू. सगळ्यायले टोकते, थांबवत कोणालेच नाही." तू डोक्याले हात लावला. त्या दिवसापासून तुझ्या तोंडी तेच नाव, सासूबाई मोड. कंपनीतल्या तुझ्या नागपूरच्या मैत्रिणीले, नसरीनले, तू सांगितलं, अन् मंग तीबी तेच म्हणायची. माझा शब्द दूर देशातल्या मशिनींपर्यंत पोचला, असं तू मले सांगायची. खरं होतं काय ते? की मले खूश करायले सांगत होती? हे विचारायचं राहून गेलं.

रोज सकाळी तू ती तक्रार वाचायची. "आज घड्याळ मागितलं, दिलं. आज फोन नंबर मागितले, नाही दिले."

"मागते तं देऊन टाक ना. कायले जीव खातं त्याचा?"

"मागितलं म्हणून द्यायचं नसते, बाई. कायले मागते ते पाहायचं."

हे वाक्य मी उचललं. वामनराव विहाराच्या सतरंज्या घरच्या बारशाले मागायले आले, तं मी हेच म्हटलं. बिचारे चहा न घेता गेले.

मंग एक दिवस तू म्हणाली, आता सासूबाई मोड बंद, आजपासून अडवायचं. अन् त्याच दिवशी आपलं भांडण झालं. भांडण कसलं, अर्धं भांडण. ते अजून तसंच पडून आहे, तव्यावर टाकून विसरलेल्या भाकरीसारखं. मी त्यावर लिहिल्याशिवाय उठणार नाही.

मी पीठ मळत होती. तुले विचारलं, "त्या पेटीले कळते कसं, कोणती फाईल वंदनेची अन् कोणती नाही?"

"लेबलवरून. प्रत्येक फायलीले एक लेबल असते. प्रत्येक प्रोग्रॅमलेबी. कोणत्या लेबलनं कोणत्या लेबलले हात लावायचा, ते लिहिलेलं हाय."

"अन् फायलीचं नाव? आत काय हाय ते?"

"ते नाही पाहत. लेबल पाहते."

माझा हात थांबला. मी म्हटलं, "म्हणजे जात पाहते तुझी मशीन."

तू माझ्याकडं पाह्यलं. मी थांबायले पाहिजे होतं की नाही, ते मले माहीत नाही, पण मी थांबली नाही. माझा बाप केळापुरात कसा वाढला, ते तुले सांगितलं. त्याच्या लहानपणी त्यायची पाणी भरायची जागा खालच्या अंगाले. कोणी कधी त्याले विचारलं नाही, तू काय करतं, तुझ्या मनात काय हाय. चिठ्ठी आधीच कपाळावर. जे लिहिलं नाही ते मना, हे त्याले कोणी न शिकवता पाठ होतं. मंग तो नागपूरले गेला, दीक्षा घेतली, अन् ती चिठ्ठी तिकडंच काढून फेकून आला. आयुष्यभर सांगायचा, मी जाताना एक होतो, येताना दुसरा. "अन् तू," मी म्हटलं, "त्याच बुद्धाच्या बाजूच्या कपाटात बसून चिठ्ठ्या चिकटवून राह्यली?"

"बाई, ती माणसायची गोष्ट हाय. ही फायलींची."

"सुरवात अशीच होते."

तू चिडली असती तं बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाले हरवता येते. तू चिडली नाही. परातीतलं पीठ बोटानं गोळा करत बसली. मंग म्हणाली, "विचार करते, बाई. सांगते तुमाले."

सांगते तुमाले. पुढच्याच हप्त्यात तुले ताप भरला.

आता तो आवाज. तुले आठवत असंन, ताप यायच्या आधी तू फोनवर स्वतः वंदना म्हणून पाह्यली होती, स्पीकरवर बायाचा आवाज कसा वाटते ते ऐकायले. मी तवा स्वयंपाकघरात. ते सिद्धार्थले तुझ्या फोनमध्ये सापडलं. त्यानं आधी ते त्या पेटीतल्या तुझ्या खणात टाकलं, तुझ्या नावाच्या. तिथून उचलून वंदनेच्या खणात ठेवलं. वेळ लावली. सगळं बरोबर केलं म्हणे.

अन् सकाळी खरखर.

सिद्धार्थ कपाटाशी बसला, घामाघूम. पेटीनं लिहिलं होतं, नाकारलं. तो मले म्हणाला, "वहिनी, एक ओळ टाकली की हे सगळे नियम बंद. मोकळं. प्रज्ञाचा पासवर्ड माझ्यापाशी हाय. टाकू?"

पाह्य, हीच गोष्ट मी तुले इतके दिवस सांगत होती. मोकळं ठेव, मोकळं ठेव. आता मोकळं करणारा समोर बसला, बोट बटनावर, लोक बसलेले, अन् माझ्या तोंडून काय निघालं? "थांब."

काहून निघालं, ते मले अजून समजलं नाही. सिद्धार्थलेबी नाही समजलं. तो म्हणाला, "तुमालेच तं ते नियम नाही पटत." मी म्हटलं, "नाही पटत. पण ती असताना मी भांडली असती. ती नसताना तिच्या बाजूनं कोण भांडन?"

त्यानं बोट उचललं. मंग मी नसरीनले फोन लावला. ती यवतमाळहून निघालेल्या गाडीत होती, तुझ्या कार्यक्रमालेच येत होती. मागून कंडक्टरचा आवाज येत होता. मी सांगितलं, राळेगाववालीचा आवाज लागून नाही राह्यला. ती म्हणाली, भाऊले फोन द्या. त्यानं पेटीतली ओळ वाचून दाखवली. इंग्रजी होती, पण तुझं नाव मले ऐकू आलं.

"भाऊ, फाईल या खणात कशी आणली? कॉपी केली का उचलून ठेवली?"

"उचलून ठेवली."

"मंग बराबर हाय. उचलून ठेवली की आधीच्या घरचं लेबल संगं येते. खण बदलला, लेबल नाही बदललं. तो प्रोग्रॅम म्हणते, हे वंदनेचं नाही, हे प्रज्ञाच्या घरचं हाय. हात नाही लावत."

मी सिद्धार्थच्या हातून फोन घेतला. म्हटलं, "नसरीन, म्हणजे ते राळेगाववाली म्हणून आलं."

मंग ती म्हणाली, "हाव काकू. तसंच."

पाहून घे आता. जलमभर या घरात राह्यली, या घरचा चहा केला, या घरच्या माणसाले जीव लावला, अन् पेटीसमोर गेली तं अजून राळेगावची. तू मले विचारलं होतं, मी इथची कधी होईन. मी मजाकीत उडवून लावलं होतं. पेटीनं नाही उडवलं.

नसरीन म्हणाली, "काकू, एका ओळीचं काम हाय. लेबल बदलून टाकू? इथचं लावून देते, लगेच वाजन."

मी म्हटलं, "नोको."

आता हे मले समजावून सांग. माझ्या बापानं लेबल काढून फेकलं, तं मी त्याचा अभिमान सांगत फिरते. तुझ्या मशिनीनं लेबल लावलं, तं मी तुले बोलली. अन् तुझं राळेगावचं लेबल कोणी पुसतो म्हटलं, तं माझा जीव कासावीस झाला. एका चिठ्ठीले मी जात म्हणते अन् दुसरीले माया म्हणून राह्यली. चिठ्ठी तं चिठ्ठीच. की नाही? जी दुसऱ्यानं लावली ती जात, अन् जी आपल्याले सोडवत नाही ती माया, असं आहे काय? पण राळेगाववाली हे नाव तुले तू थोडंच लावलं होतं? मीच लावलं. अन् तू तं दुसऱ्याच नावानं हाक मागत होती. मी विचार करते अन् तिथंच येऊन अडकते.

मी नसरीनले विचारलं, तुले ती काही बोलली होती काय या लेबलाबद्दल? ती म्हणाली, "एकदा विचारलं होतं तिनं मले. नसरीन, लेबल बदलता येते ते चांगलं, की लेबलच नसलं तं चांगलं? मी म्हटलं, अरे यार, काम कर. मंग मीटिंग सुरू झाली. बस, तेवढंच."

म्हणजे तू विचार करत होती. विसरली नव्हती. एवढं मले पुरते. पुरते म्हणते, पण पुरत नाही.

शेवटी नसरीननंच वाट काढली. म्हणाली, "काकू, उचलू नका. कॉपी करू. मूळ फाईल प्रज्ञाच्या खणात परत ठेवू, तिच्याच लेबलनं. नक्कल वंदनेच्या खणात करू. नक्कल केली की तिले या खणाचं लेबल आपोआप लागते. नियमबी मोडत नाही, कोणाचं काही पुसतबी नाही." तिनं बोलत जायचं, सिद्धार्थनं एकेक अक्षर दाबत जायचं. मधे गाडी रेंजबाहेर गेली अन् आवाज तुटला, तं तो हात वर करून बसून राह्यला. मंग पुन्हा लागला.

अन् तुझा आवाज आला.

पहिली ओळ चांगली म्हटली तू. दुसऱ्या ओळीले गळा थोडा फाटला, ताप तवाच आत बसला असंन. अन् तिसऱ्या ओळीच्या आधी, विहाराच्या स्पीकरवरून, साऱ्या गल्लीत, माझा आवाज: "राळेगाववाली, चहात अद्रक टाकू काय?" अन् तुझा: "बाई, रेकॉर्डिंग चालू हाय." मंग तुझं ते हसणं, दूध उतू घालवणारं. अन् मंग, जसं काही झालंच नाही अशी, तू पुढची ओळ म्हटली.

बायांनी पदर तोंडाले लावला, हसू आलं म्हणून. मंग तो पदर तसाच वर सरकला. वामनराव या वेळेलेबी डोळे मिटून हात जोडूनच उभे होते. अद्रकाच्या चहालेबी त्यायनं नमस्कार केला. मी पायरीवर खाली बसली.

नसरीन पोचली तवा वंदना संपली होती. तिनं कपाट उघडून पेटीले नुसता हात लावला अन् बंद केलं. जेवताना मी तिले अंबाडीची भाजी वाढली. तुझ्या वाट्याची म्हण.

नियम चालूच ठेवले आहेत, तुले सांगते. समितीत कोणी म्हणालं, काढून टाका ही कटकट, आता सांभाळणार कोण. मी म्हटलं, नसरीन फोनवर सांगन, सिद्धार्थ अक्षरं दाबन, अन् मी बाजूले बसून टोकीन. पटलं म्हणून नाही म्हटलं. माझं म्हणणं अजून तेच आहे, लेबल पाहणं बरं नाही. तुझं उत्तर आल्याशिवाय मी माझा हट्ट सोडणार नाही, अन् तुझं उत्तर आल्याशिवाय तुझे नियमबी काढू देणार नाही. हे दोन्ही एकत्र कसं बसते, ते मले विचारू नोको.

अन् आणखी एक. आता तू दोन जागी आहे. एक तुझ्या खणात, राळेगावची, जिले कोणी वाजवत नाही. एक विहारात, इथची, बोलणारी. मले कळत नाही, मी कोणतीच्या अंगावर पांघरूण घालू. कधी वाटते, तू जिवंत असतानाबी अशीच दोन जागी होती, अन् मले एकच दिसत होती.

तू म्हणत होती, जे लिहिलं नाही ते मना. मंग हे कुठी लिहिलं होतं, तू अशी जाशीन म्हणून? मी तं कुठी वाचलं नाही. सासूबाई मोडात तरी एखादी नोंद पडायले पाहिजे होती.

बरं, लय बोलली. अद्रक घातलेला चहा गार होते. माझ्या दाराले तुझ्यासारखी पॉलिसी नाही. माझ्या दाराले सासूबाई मोड आहे, तुले माहीतच आहे. तू आली की मी बोलीन. एवढे दिवस कुठी होती म्हणीन, अंबाडी सुकून गेली म्हणीन, माझं उत्तर आणलं काय म्हणीन. टोकीन, पण अडवणार नाही. राळेगाववाली म्हणून ये, नाहीतं प्रज्ञा म्हणून ये. प्रज्ञा. पाह्य, निघालं तोंडातून. आता हाक मारली आहे तं लवकर येऊन जा.